पाणवठा पॅलेट: ग्रामसभेच्या स्लाइड्सचे रंग ठरवताना ठेवलेल्या नोंदी

३ एप्रिल २०२५

आजपासून नोंदी ठेवतेय कारण मागच्या वेळी कुठला निळा वापरला होता ते कुणालाच सांगता आलं नाही. १ मेच्या ग्रामसभेत माणदेशातल्या ११ गावांना पाण्याचा ताळेबंद दाखवायचाय, म्हणजे पाऊस किती पडला, किती मुरला, किती वापरला आणि विहिरींत आता किती आहे. आम्ही सहा जण आहोत, दोन-दोन गावं प्रत्येकाकडे (एकाकडे एकच), आणि ज्याने त्याने आपल्या मनाने स्लाइड्स केल्यात. आज सगळ्या शेजारी शेजारी उघडून बघितल्या. कोरडी विहीर एकाकडे लाल, दुसऱ्याकडे पिवळी, तिसऱ्याने करडी दाखवलीय. मी बसून मोजले तर नुसते निळे २३ प्रकारचे निघाले. शेजारशेजारच्या गावांतली माणसं एकमेकांच्या सभेला येतात, त्यांनी एका गावात पिवळा म्हणजे कोरडी बघितली आणि दुसऱ्या गावात पिवळा म्हणजे "जरा कमी" बघितलं तर आम्ही वर्षभर मोजलेले आकडे वाया गेले असं समजायचं.

हाताशी काय आहे ते पण लिहून ठेवते. चार लॅपटॉपवर लिब्रेऑफिस इम्प्रेस (स्लाइड्स करायचं फुकट सॉफ्टवेअर), समन्वयक सरांच्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट, आणि एक ताई मोबाइलवर गूगल स्लाइड्समध्ये काम करतात. तिन्हीकडे तेच रंग पोचले पाहिजेत.

एक खुलासा: हेक्स कोड (रंगाची सहा अक्षरी खूण) ह्या वहीत लिहिणार नाही, सगळीकडे लाल, हिरवा, निळा ह्या क्रमाने ० ते २५५ मधले आकडे लिहीन. असे आकडे फोनवर वाचून सांगता येतात आणि तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये टाकता पण येतात.

४ एप्रिल

रंग कुठले घ्यायचे ह्यावर दुपारभर बसलो. मी आधी आकड्यांची यादी करून नेली होती, ती बघून सगळे गप्प. मग ताई म्हणाल्या, "अगं आकडे कशाला सांगतेस, नाव सांग ना, मोरपंखी म्हण, विटकरी म्हण, मग कळेल." आणि तिथून गाडी सुटली. आमसुली, अंजिरी, पारवा, डाळिंबी, चिंतामणी, अबोली, शेवाळी, तासाभरात पाटीवर ३० च्या वर नावं झाली. साड्यांमुळे, पिकांमुळे, मातीमुळे आपल्याकडे रंगांना इतकी नेमकी नावं आहेत आणि आम्ही मात्र "तो डार्क ब्लू, नाही त्याच्या बाजूचा" असं बोलत होतो. मला खरंच खूप बरं वाटलं. पॅलेटमध्ये, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या रंगांच्या संचात, प्रत्येक रंगाला मराठी नाव द्यायचं हे आजच पक्कं केलं.

वाद फक्त मोरपंखीवर झाला. ताईंच्या मते त्यात हिरवा जास्त, सरांच्या मते निळा. शेवटी ताईंनी बॅगेतला ब्लाउजपीसच काढून स्क्रीनला लावला आणि त्याच्याशी जुळवत जुळवत (०, ९५, ११५) वर सगळ्यांचं एकमत झालं.

पहिली यादी अशी: दुधी (२५०, २४६, २३६) पार्श्वभूमीला, काजळ (३४, ३४, ३८) अक्षरांना, मोरपंखी मथळ्यांना, विटकरी (१७६, ७४, ४६) धोक्याच्या गोष्टींना, शेवाळी (९६, १२५, ५९) चांगल्या गोष्टींना, हळदी (२४२, १८३, ५) लक्ष वेधायला. पॅलेटचं नाव "पाणवठा".

७ एप्रिल

इम्प्रेसमध्ये रंग घालायला बसले. आकारावर राइट क्लिक, एरिया, तिथे कलर, उजवीकडे लाल-हिरवा-निळा असे तीन खाने, आकडे टाकायचे, अॅड दाबायचं, नाव विचारतं, ते मराठीत लिहिलं. रंग "कस्टम" नावाच्या पॅलेटमध्ये जाऊन बसतो, त्याच्यावर माउस नेला की "मोरपंखी" असं नाव उमटतं. सहाच्या सहा रंग दहा मिनिटांत झाले, मी खूश.

मग दुसऱ्या लॅपटॉपवर हे कसं न्यायचं ते बघायला गेले आणि अडकले. अॅड दाबून घातलेले रंग त्या मशीनवरच्या आपल्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जातात, त्यांची वेगळी फाइल होत नाही, म्हणजे पेनड्राइव्हवर घालून देण्यासारखं काही हातात राहतच नाही. वाटायचं असेल तर पॅलेटची स्वतंत्र फाइल पाहिजे, डॉट एसओसी. लिब्रेऑफिस जिथे इन्स्टॉल आहे तिथे शेअर फोल्डरमध्ये पॅलेट म्हणून फोल्डर आहे, त्यात सोबत येणारी पॅलेटं ह्याच प्रकारच्या फाइलींत असतात. त्यातली एक कॉपी केली आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आतमध्ये साधं एक्सएमएल आहे, एका रंगाला एक ओळ, ओळीत रंगाचं नाव आणि सहा अक्षरी हेक्स कोड. जुन्या ओळी काढून आपल्या सहा टाकल्या. हेक्स हाताने काढायची गरज नाही, एरियाच्या त्याच खिडकीत आकड्यांच्या खाली तो तयार मिळतो.

ही फाइल आपल्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये, यूझर आणि त्याच्या आत कॉन्फिग, तिथे ठेवायची. विंडोजवर हे सगळं अॅपडेटाच्या खाली रोमिंगमध्ये लपलेलं असतं, लिब्रेऑफिस नावाचं फोल्डर, त्यात ४, त्यात यूझर. इम्प्रेस बंद करून परत उघडलं की पॅलेटांच्या यादीत फाइलचं जे नाव तेच पॅलेटचं नाव म्हणून दिसतं.

८ एप्रिल

चारही लॅपटॉपवर फाइल टाकून झाली. एका ठिकाणी रंग आले पण नावांच्या जागी चौकोन-चौकोन, कारण तिथे एकाने फाइल उघडून सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बदललं होतं. यूटीएफ-८ मध्ये परत सेव्ह केल्यावर नावं नीट दिसली. सगळ्यांना सांगितलंय की फाइल उघडू नका, फक्त कॉपी करा.

१० एप्रिल

आज कॉन्ट्रास्टचा हिशोब. मला हे आधीच करायला पाहिजे होतं, नावांच्या आनंदात राहून गेलं.

डब्ल्यूसीएजी म्हणून नियम आहेत, मुळात वेबसाइटसाठी केलेले, पण स्लाइडला पण तेच लावता येतात. त्यात साध्या आकाराच्या अक्षरांना मागच्या रंगाशी निदान ४.५ ला १ इतका फरक पाहिजे आणि मोठ्या अक्षरांना, म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असतील तर १४ पॉइंटपासून पुढे, ३ ला १. हा फरक उजळपणाचा असतो. उजळपणात हिरव्याचा वाटा ७१.५२ टक्के, लालचा २१.२६ आणि निळ्याचा फक्त ७.२२, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ भासतो. स्प्रेडशीटमध्ये सूत्र मांडून आमचे रंग घातले. दुधीवर काजळ १४.७, उत्तम. दुधीवर मोरपंखी ६.७, छान. विटकरी ५, चालेल. शेवाळी ४.३, थोडक्यात नापास. आणि हळदी फक्त १.७!

हळदीत लाल पण भरपूर आणि हिरवा पण भरपूर, म्हणून ती जवळजवळ दुधीइतकीच उजळ आहे आणि आमच्यातल्या तिघांनी तर हळदी रंगात आकडे लिहून ठेवलेत. लॅपटॉपवर जवळून बघताना छान दिसतात, मागच्या रांगेत बसलेल्या आजोबांना तिथे काही लिहिलंय हे पण कळणार नाही. उलट हळदीच्या पट्टीवर काजळची अक्षरं टाकली तर ८.७ येतो. म्हणून नियम केला: हळदीने कधीच लिहायचं नाही, हळदी फक्त खाली भरायची आणि वर काजळने लिहायचं.

११ एप्रिल

सकाळी सगळ्यांसमोर पॅलेट दाखवत होते, डावीकडे शेवाळी "पाणी वाढलं", उजवीकडे विटकरी "पाणी घटलं". आमचा एक सहकारी बराच वेळ बघत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, मला हे दोन्ही एकच दिसतायत." त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, एवढी वर्षं बरोबर काम करतोय आणि मला माहीत नव्हतं. तो आजपर्यंत आमच्या तक्त्यांतला लाल-हिरवा नुसत्या अंदाजाने वाचत होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याने सांगितलं ह्याचं तेवढंच बरंही वाटलं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एकाला ही अडचण असते, आपल्याकडे प्रमाण थोडं कमी धरलं तरी शंभर पुरुष बसलेल्या ग्रामसभेत काही जण असणारच.

इम्प्रेसमध्ये व्ह्यू मेन्यूत कलर-ग्रेस्केल म्हणून आहे, तिथे ग्रेस्केल केलं, म्हणजे सगळे रंग नुसत्या करड्या छटांत दिसतात. शेवाळी आणि विटकरी दोन्ही एकाच करड्याचे झाले, हिशोबात दोघांच्या उजळपणातला फरक फक्त १.१६ येतो.

मासाताका ओकाबे आणि केई इतो ह्या जपानी संशोधकांनी अशा डोळ्यांना पण वेगळे दिसतील असे आठ रंग काढलेत. त्यातला लाल नारिंगीकडे झुकलेला आहे (२१३, ९४, ०) आणि हिरवा निळ्याकडे (०, १५८, ११५). खुबी तीच आहे, लालला नारिंगीकडे ढकला आणि हिरव्याला निळ्याकडे. आमची विटकरी आधीच नारिंगीकडची आणि मोरपंखी निळ्याकडची, म्हणजे चांगल्या गोष्टीला मोरपंखी लावली की काम झालं. शेवाळी काढून टाकली. सहकाऱ्याला परत दाखवलं, त्याने एका नजरेत बरोबर सांगितलं. आणि रंगासोबत वर-खाली बाण पण कायम लावायचा, फक्त रंगावर सोडायचं नाही.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती, सुट्टी. सगळे आपापल्या गावच्या कार्यक्रमांना.

१५ एप्रिल

आज सगळ्यात महत्त्वाचा भाग, विहिरींची पट्टी. नकाशावर प्रत्येक विहीर एक गोल आणि त्या गोलाचा रंग म्हणजे पाणी किती. असे चढत-उतरत जाणारे रंग मनाने निवडले तर मधली पायरी कुठेतरी चुकते, म्हणून सिंथिया ब्रुअर ह्यांनी नकाशांसाठी केलेल्या कलरब्रुअरमधली निळी मालिका घेतली: (८, ४८, १०७), (३३, ११३, १८१), (१०७, १७४, २१४), (१९८, २१९, २३९). पाण्याचा रंग फिका होत जातो तसं पाणी कमी होत जातं, समजवायला लागत नाही.

नावांवर परत चर्चा झाली. मी म्हटलं ह्यांना पण नीळ, आकाशी अशी नावं देऊ. समन्वयक सर म्हणाले, "थांबा, उद्या हा निळा बदलावा लागला तर आकाशी नावाखाली भलताच रंग बसेल, त्यापेक्षा विहिरीचंच नाव द्या." बरोबर होतं त्यांचं. मग गावात म्हणतात तीच नावं ठेवली: तुडुंब, भरलेली, निम्मी, तळाशी, कोरडी. म्हणजे आता पॅलेटमध्ये दोन जातीची नावं आहेत, मथळा-पट्टी-पार्श्वभूमी ह्यांना रंगाचं नाव आणि ज्या रंगाला काहीतरी अर्थ आहे त्याला अर्थाचं नाव. सहा जणांनी मिळून वापरायच्या पॅलेटला हेच सोयीचं आहे असं माझं मत झालंय.

कोरडीला मातकट तपकिरी घेतला (१४०, ९८, ५७) आणि लगेच ग्रेस्केल करून बघितलं, आता ती सवयच लागलीय. बघते तर कोरडी आणि भरलेली दोन्ही सारख्याच करड्या! गावात वाटायच्या प्रती काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर निघणार, म्हणजे कागदावर कोरडी विहीर भरलेली दिसली असती, ह्याच्याहून मोठी चूक कुठली. म्हणून कोरडीत रंग भरायचाच नाही असं ठरवलं, आत दुधी, बाहेर तपकिरी जाड रेघ आणि मध्ये फुली. कोरडी विहीर रिकामीच दिसली पाहिजे, हे खरं तर आधीच सुचायला हवं होतं.

पिवळ्याचं पण आजच ठरवून टाकलं. हवामान खात्याच्या पावसाच्या नकाशात सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी असेल तर लाल आणि ६० ते ९९ टक्के कमी असेल तर पिवळा, म्हणजे तिथे पिवळा जास्त वाईट. पण खात्याच्याच इशाऱ्यांमध्ये हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा क्रम, तिथे पिवळा सौम्य. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहे पण गावातल्या माणसाने रोज मोबाइलवर यलो अलर्ट ऐकलाय, त्याला पिवळा म्हणजे "लक्ष ठेवा" एवढंच माहीत. म्हणून आपल्या कुठल्याच आकड्याला, कुठल्याच नकाशात पिवळा अर्थ म्हणून वापरायचा नाही. हळदी फक्त लक्ष वेधायला.

१७ एप्रिल

पॉवरपॉइंटचा दिवस. इथे रचनाच वेगळी आहे. डिझाइन टॅब, व्हेरिएंट्सचा बाण, कलर्स, सगळ्यात खाली कस्टमाइज कलर्स. तिथे १२ घरं असतात: अक्षर आणि पार्श्वभूमीची चार, अॅक्सेंट सहा, आणि लिंकची दोन. नाव फक्त सगळ्या संचाला देता येतं, एकेका घराला नाही, म्हणून १२ घरांचा कागद करून सरांच्या टेबलाजवळ चिकटवला.

घरांची मांडणी करताना कळलेलं:

चार्ट काढला की पहिल्या मालिकेला अॅक्सेंट १ लागतो, दुसऱ्या मालिकेला २, असं पुढे. म्हणून मोरपंखी १ ला, विटकरी २ ला, हळदी अगदी शेवटी ६ ला. फिका रंग पुढच्या घरात ठेवला तर प्रत्येक चार्टमध्ये तोच पुढे पुढे येणार.

प्रत्येक रंगाच्या खाली पाच छटा आपोआप येतात, मधल्या उजळपणाच्या रंगांना ८०, ६०, ४० टक्के फिक्या आणि २५, ५० टक्के गडद, फार फिक्या किंवा फार गडद रंगांना वेगळ्या. त्या पॉवरपॉइंटच काढतो, आपल्याला ठरवता येत नाहीत. विहिरींची पट्टी ह्या छटांतून बनवायचा मोह होतो, तो टाळायचा, कारण इम्प्रेसवाल्यांकडे त्याच छटा नसणार.

लिंकची दोन घरं बदलायला विसरू नये, नाहीतर सगळ्या दुधी-मोरपंखी स्लाइडवर मध्येच एक परका निळा चमकतो.

केलेला संच सरांच्याच मशीनवर सेव्ह होतो पण ज्या फाइलला लावलाय त्या फाइलच्या पोटात पण तो जातो, म्हणून ती फाइल दुसऱ्याला दिली तरी रंग सोबत जातात.

सरांनी एका जुन्या फाइलमधली स्लाइड आणून चिकटवली तेव्हा अर्धी स्लाइड आमच्या रंगात आली आणि अर्धी जुन्याच रंगात राहिली. सर गोंधळले, मी पण. कारण असं की चिकटवताना इथलीच थीम घे असं म्हटलं की थीमच्या घरातून घेतलेले रंग नव्या संचाप्रमाणे बदलतात, पण "मोअर कलर्स"मध्ये जाऊन आकडे टाकून दिलेला रंग घट्ट बसलेला असतो, तो बदलत नाही. म्हणून पॉवरपॉइंटमध्ये रंग शक्यतो घरातूनच घ्यायचा.

१८ एप्रिल

विहिरींचे रंग पॉवरपॉइंटच्या घरांत मावत नव्हते. त्याला एक वाट आहे. पीपीटीएक्स फाइल म्हणजे खरं तर झिप असते, ती उघडली की आत थीमची एक्सएमएल फाइल मिळते आणि तिच्यात जास्तीच्या रंगांची यादी घालता येते, ५० पर्यंत, आणि इथे प्रत्येक रंगाला नाव पण देता येतं. मग रंगांच्या चौकटीत थीमच्या खाली वेगळी ओळ दिसते आणि माउस नेला की "तुडुंब", "निम्मी" वाचता येतं. पहिल्या वेळी मी ती यादी चुकीच्या जागी टाकली आणि फाइल उघडताना दुरुस्ती करू का असं विचारायला लागली. ती यादी फाइलच्या शेवटी, जास्तीच्या रंगयोजनांची जी ओळ असते तिच्या बरोबर नंतर यायला पाहिजे. तसं केल्यावर निमूट उघडली. मूळ फाइलची कॉपी ठेवून मगच हात लावायचा, मी ठेवली होती म्हणून निभावलं.

मोबाइलवाल्या ताईंसाठी मी माझ्या लॅपटॉपवर गूगल स्लाइड्स उघडून थीमचेच रंग बदलून दिले, आता त्यांना मोबाइलवर तेच समोर दिसतात. त्यांचं काम मथळे आणि मजकुराचं, नकाशे त्या करत नाहीत, तेवढं पुरलं.

२१ एप्रिल

प्रोजेक्टरवर तपासणी, एका गावच्या शाळेच्या वर्गात, दुपारी तीनला, कारण सभा पण दिवसाच असणार. पडदे नाहीत, दोन्हीकडून उजेड, आणि भिंतीला पिस्ता रंगाचा डिस्टेंपर.

लॅपटॉपवर जे दिसत होतं त्यातलं निम्मं भिंतीवर पोचलंच नाही. दुधी हिरवट झाली, ते एकवेळ चालेल. पण तळाशीच्या विहिरी गायब. म्हणजे ज्या विहिरींबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय, ज्या आता आटायच्या बेतात आहेत, त्याच नकाशावरून पुसल्या गेल्या. हिशोबात त्या रंगाचा दुधीशी फरक १.३ होता, मी अक्षरांचे हिशोब केले आणि गोलांचे करायचे राहिले, ही माझी चूक.

प्रोजेक्टरला काळा रंग पाडताच येत नाही, त्याचा काळा म्हणजे फक्त उजेड न पाडणं, आणि खोलीत आधीच उजेड असेल तर सगळ्या रंगांत तो उजेड मिसळून ते पांढऱ्याकडे सरकतात. ज्या रंगांत आधीच थोडा फरक असतो तो मग दिसेनासा होतो.

तिथेच बसून पट्टी बदलली. तुडुंब तीच, भरलेली (८, ८१, १५६), निम्मी (६६, १४६, १९८), तळाशी (१५८, २०२, २२५). आता लागून असलेल्या दोन पायऱ्यांत १.६ पासून २.३ पर्यंत फरक आहे, आणि बदललेल्या तिन्ही आधीपेक्षा गडद. तरी तळाशीचा दुधीशी फरक १.६ च येतो म्हणून प्रत्येक गोलाला काजळची बारीक किनार. आणि भिंतीवर जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू ताणून लावली, त्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच आकड्याने पडला नसता. सगळ्या गावांना एकेक फ्लेक्स शोधून ठेवायला फोन केले.

२२ एप्रिल

पॅलेटच्या फाइलमध्ये तीन रंग बदलले, चारही लॅपटॉपवर नवी फाइल टाकली, स्लाइड उघडली, आणि विहिरी जुन्याच रंगात.

इथे नीट समजून घ्यायला पाहिजे, मी चुकीचं धरून चालले होते. इम्प्रेसमधलं असं पॅलेट म्हणजे रंगाच्या बाटल्या मांडून ठेवलेलं फडताळ आहे. बाटलीतून ब्रशने रंग घेतला की तो भिंतीचा झाला, नंतर बाटलीतला रंग बदलला तरी भिंत बदलत नाही. ११ गावांच्या नकाशांत मिळून दोनशेच्या वर गोल आहेत. टूल्समध्ये कलर रिप्लेसर नावाचं एक आहे, ते बघितलं, पण ते चित्रांमधले रंग बदलायला आहे, काढलेल्या आकारांना नाही.

उपाय स्टाइलचा. एफ ११ दाबलं की स्टाइल्सची पट्टी उघडते, त्यात ड्रॉइंग स्टाइल्स. "विहीर तुडुंब", "विहीर भरलेली" अशा पाच स्टाइल केल्या, रंग पॅलेटमधून घेतला, किनार घातली, कोरडीला जाड रेघ दिली (फुली मात्र वेगळीच ठेवावी लागते). गोल निवडून स्टाइलवर डबल क्लिक. ह्यापुढे रंग बदलायचा झाला तर स्टाइलमध्ये एकदा बदलला की त्या फाइलमधले सगळे गोल बदलतात. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा आम्ही चौघं बसून सगळे गोल एकेक करून स्टाइलला बांधले, ताईंनी सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी आणली होती.

नव्या फाइलींसाठी ह्या स्टाइल्ससकट टेम्प्लेट केलं. लिब्रेऑफिस ७.६ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये, इम्प्रेसमध्ये पण थीमचे रंग आलेत, पण आमच्या दोन लॅपटॉपवर त्याच्याआधीची आवृत्ती आहे, म्हणून सध्या स्टाइलच बरी.

२४ एप्रिल

चार्टचे रंग राहिले होते. इम्प्रेसमध्ये चार्टचे ठरलेले १२ रंग टूल्स, ऑप्शन्स, चार्ट्स, डिफॉल्ट कलर्स इथे असतात. तिथे पहिले चार आमचे घातले. हे त्या मशीनपुरतं असतं आणि फक्त नव्या चार्टना लागू होतं, जुने चार्ट हाताने बदलले. चार लॅपटॉप, तासाभरात संपलं.

२६ एप्रिल

आज एक गोष्ट झाली ती लिहायलाच पाहिजे. एक सहकारी गावात होता, रेंज जेमतेम, त्याची स्लाइड मी इकडे बघत होते. फोनवर म्हटलं, "तिसऱ्या स्लाइडची पट्टी विटकरी झालीय, ती मोरपंखी कर, आणि शाळेजवळची विहीर तळाशी लाव." तो म्हणाला, "झालं, अजून?" संपलं. मार्चमध्ये ह्याच माणसाशी असाच फोन झाला होता तेव्हा "तो निळा नाही हो, त्याच्या खालचा, नाही, दुसऱ्या ओळीतला" असं करत वीस मिनिटं गेली होती आणि शेवटी रंग चुकलाच होता. तोच हा सहकारी ज्याला लाल-हिरवा कळत नाही. त्याने मला सांगितलं की आता तो रंग बघून निवडतच नाही, माउस नेतो आणि नाव वाचतो. नावं घातली तेव्हा हा उपयोग माझ्या डोक्यात नव्हता.

२८ एप्रिल

एका गावाच्या नकाशावर वस्त्यांना वेगवेगळे रंग दिले होते, एक भगवट, एक हिरवी, एक निळी. त्या गावच्या एका काकांनी आधीच बघून सांगितलं, "वस्त्यांना रंग नका देऊ बाई, माणसं पाणी सोडून दुसरंच वाचतील." एकदम पटलं. सगळ्या गावांत वस्त्या आता दुधीवर काजळच्या रेघांनी आणि आकड्यांनी दाखवल्यात. नकाशावर रंग फक्त पाण्याला.

१ मे

माझ्याकडे दोन सभा, सकाळी देवळाच्या सभामंडपात आणि दुपारी शाळेत. फ्लेक्स लावला होता. तळाशीच्या विहिरी मागून दिसतायत का हे बघायला मी मुद्दाम चपला ठेवतात त्या दारात जाऊन उभी राहिले. दिसत होत्या.

दुपारच्या सभेत नकाशा चालू असताना एक आजी उठल्या, "ती ओढ्याकडची आमची हाय. ती निम्मी न्हाई, तळाशी हाय. मार्चात निम्मी होती." आम्ही त्या विहिरीची पातळी मार्चमध्येच मोजली होती. मी तिथेच प्रोजेक्टर चालू असताना गोल निवडला, "विहीर तळाशी"वर डबल क्लिक केलं आणि भिंतीवरची विहीर फिकी झाली. सभा क्षणभर शांत झाली. मग शेजारच्या मळ्यातले एक जण म्हणाले, "मग आमची पण बघा, ती आता कोरडीच धरा." आणि मग एकेक जण बोलायला लागला. पाऊण तासात सात विहिरी बदलल्या, सगळ्या खालच्या पायरीवर.

२ मे

सात बदलांची यादी केली. लोकांनी सांगितलेलं ते आम्ही मोजलेलं नाही, म्हणून ह्या सात गोलांची किनार सध्या तुटक ठेवलीय, म्हणजे अजून मोजायच्या आहेत हे दिसेल. पॅलेटमध्ये विहिरींचं सहावं नाव घातलं नाही, तुटक किनारीची "सांगितलेली" अशी स्टाइल मात्र टेम्प्लेटमध्ये टाकली, बाकीच्या पाच जणांना पाठवली.

टेप आणि दोरी गाडीत ठेवलीय. उद्या सकाळी सातला आधी आजींच्या विहिरीवर, मग मळ्यातली.